आरशातला डावतोंड्या

जिवंत डावतोंड्या शंख शोधायचा आणि तो जिथे बसला असेल तिथेच त्याचा फोटो काढायचा! एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या सकाळी खवळलेल्या समुद्रात शिरलो होतो.

शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून समोर धरा. त्याचं तोंड तुमच्या उजव्या हाताला येईल. जवळजवळ सगळ्यांचं तसंच. लाखात एखादाच तऱ्हेवाईक डावीकडे तोंड करतो. माझ्या एका साध्यासुध्या उजव्या शंखाचा फोटो एका मासिकाने पानावर शोभून दिसावा म्हणून पलटून छापला, वर ‘दुर्मिळ डावतोंड्या’ असं ठोकून दिलं आणि खाली माझं नाव! चूक त्यांची, तोंड काळं माझं. ज्या संग्रहालयासाठी मी शंख-शिंपल्यांच्या ग्रंथाचे फोटो काढत होते, त्याच्या प्रमुखांनी मला लबाड ठरवून काम थांबवलं. टोपीसारखे, कानासारखे, पंख्यासारखे, स्क्रूसारखा पीळ घेतलेले, अंगभर काटे ल्यायलेले, असे किती शंख-शिंपले मी टिपले होते! सगळे फोटो त्यांच्या कपाटात अडकले. "खरा डावतोंड्या आणा, मग बोलू," म्हणाले. पुढे मला एका किनाऱ्यावर डाव्या शंखाचं फुटकं कवच सापडलं, ते नेऊन दाखवलं, तर विचारतात, "कुठून विकत आणलंत?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कवच सापडलं त्याच्या समोरच, समुद्रात, ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक होता. आता तो पालथा घातल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

दादा माझा सख्खा भाऊ, दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद ठेवून आला होता. वहिनीचं इंजिन दुरुस्तीचं दुकान. बोटही तीच चालवते.

"नीट ऐका," ती म्हणाली. "इथे बोट बांधता येणार नाही, मी घिरट्या घालत राहीन. शिट्टी मारली की निघायचं. मग तिथे सोन्याचा शंख का असेना!"

लाट वर आली, आम्ही खडकावर उडी मारली. दादा शेवाळावरून घसरून बसला.

"हाड मोडलं का?"

"अब्रू गेली," तो म्हणाला.

मग शोध सुरू झाला. प्रत्येक डबकं, प्रत्येक फट. उजवा. हाही उजवा. हा तर रिकामा, आत खेकडा भाडेकरू! आमचा नियम ठरलेला: शंख जागचा हलवायचा नाही, शेजारी आकडे कोरलेली पोलादी पट्टी ठेवायची आणि फोटो घ्यायचा. पण पट्टी काढायची वेळच येईना. काटेरी गोळ्यासारख्या एका समुद्री जिवाचा काटा माझ्या बुटातून आरपार गेला. ऊन चढलं. माझं मन एका जागी ठरेना. एक डबकं बघताना पुढचं खुणावत होतं, पुढच्यात गेले की मागचं नीट बघितलं नाही असं वाटत होतं.

"जरा दम खा," दादा म्हणाला.

"भरती खाणार आहे का दम?"

खडकाच्या पोटात एक घळ होती. घळीच्या टोकाला कपार, इतकी अरुंद की डोकं शिरेना, आणि आतलं छत एका दगडी ओठाआड लपलेलं. दादाने पिशवीतून दाढा तपासायचा छोटा आरसा काढला. त्याला त्याने लांब दांडी जोडून आणली होती. त्याने विजेरी धरली, मी आरसा आत सारून बघितलं. छताला अंगठ्याएवढा तपकिरी शंख कलता, तोंड दिसेल असा चिकटलेला, भोवती अंड्यांच्या फिकट पिशव्या. तोंड उजवीकडे!

"चल," मी चिडून म्हणाले. "नेहमीचाच."

आम्ही परत कडेला आलो तेव्हा पाणी चढू लागलं होतं. वहिनीची शिट्टी झाली.

"अंडी घालून बसला होता म्हणतेस," दादा म्हणाला. "दिसायला कसा होता?"

"तपकिरी, बुटका. तोंड असं." मी उजवा हात बाजूला करून दाखवला.

दादा उभा राहिला तो उभाच राहिला. "आरशात असं?"

"नाहीतर काय, दुर्बिणीत?"

"अगं वेडाबाई! मी आयुष्यभर आरशात बघून दाढा कोरतोय! आरशात उजवीकडे दिसलं, म्हणजे ते कुठे असतं?"

पुढच्या क्षणी आम्ही दोघं परत घळीकडे धावत होतो! मागे शिट्टीवर शिट्टी. वहिनी एरवी मला नावाने हाक मारते. भडकली की वन्सं म्हणते.

"वन्सं! अक्कल गहाण टाकलीत का?"

घळीत पाणी कमरेपर्यंत आलं होतं. मी कपारीला डोळा आणि पाण्यात चालणारा कॅमेरा लावला. दादाने आरसा आत घातला, तर त्यावर धुकं! त्याने तो बाहेर काढला, स्वतःच्याच गालाच्या आतून फिरवला, रोग्यांना करतो तसा, आणि पुन्हा घातला. काच लख्ख! मी काठीच्या टोकाला बांधलेली पट्टी शंखाशेजारी सरकवली. आरशात आकडे उलटे दिसले. शंख उजवा दिसला. म्हणजे खरा डावा! मी ओरडलेच. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लाट आली, छातीपर्यंत भिजलो.

"आता ऐक," दादा हळूच म्हणाला. "माझ्याकडे लांब चिमटा आहे. एक ओढ, की शंख तुझ्या हातात. मग कोण लबाड म्हणेल?"

खोटं कशाला सांगू, मी चिमटा घेतला. आतही घातला. मला तो शंख हवा होता, त्या माणसाच्या टेबलावर आपटायला हवा होता! चिमट्याचं टोक लागताच आतला जीव अंग चोरून कवचात गेला. अंड्यांची एक पिशवी सुटून पाण्यात पडली. मला कसंतरीच झालं. घरात शिरून पाळण्यापासून आईला ओढावं, तसं.

"नको," मी म्हणाले. "राहू दे तिथेच."

"विचार कर!"

"केला. निघ!"

पण निघायचं कुठून? मोठी लाट घळीत घुसली. विजेरी गेली. आरसा गेला. दादा खाली गेला! मी हात घातला, शर्ट सापडला, ओढलं. त्याचा पाय दगडात अडकलेला. "बूट सोड!" मी किंचाळले. पुन्हा लाट! नाकातोंडात पाणी. मग एकदम तो सुटला, बुटाविना, खोकत. आम्ही खडकाला धरून सरपटलो. समोर वहिनीने बोट चक्क मागच्या बाजूने खडकाला भिडवली होती. दोर आला. आधी दादा, मग मी, आणि गळ्यात कॅमेरा.

वहिनीने बोट किनाऱ्याकडे वळवली. मग दादाला म्हणाली, "दुसरा बूट पण टाका. एकाचं काय लोणचं घालायचंय?" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

संग्रहालयात प्रमुखांनी फोटो हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा तर उजवा. आणि पट्टीवरचे आकडे उलटे! पुन्हा पलटवलात?"

"मी काहीच केलेलं नाही. कॅमेऱ्याने घेतला तसाच दिलाय. शंख छताला होता, आरशाशिवाय दिसत नव्हता. तुमच्याकडे आरसा आहे?"

ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि फोटो आरशासमोर धरला. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलेना.

"आकडे सुलटे झाले," ते स्वतःशीच म्हणाले. मग थांबून, "आणि हा... डावा." आणखी थांबून, "जिवंत होता?"

"अंडी राखत होता. आहे तिथेच."

"तुम्ही आणला नाहीत?"

"नाही."

त्यांनी आरसा खिळ्यावरून काढला, माझ्यासमोर टेबलावर उभा केला आणि दार उघडून बाहेरच्या खोलीत हाक मारली. फुटकं कवच घेऊन गेले होते तेव्हा तिथेच सगळे मला हसले होते.

"या सगळे इकडे. बाईंचा फोटो बघायचाय. आणि आधी मी त्यांची माफी मागणार आहे, तीही ऐका."

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मला रडू फुटलं. फुटू दे म्हटलं, आणि बसून राहिले.