हडसनचे नवे ब्रेक

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या गॅरेजातून अल ऐनला गाडी पोचवायची, एवढंच त्या सकाळी विलासचं काम होतं. गाडी मात्र साधीसुधी नव्हे. एकोणपन्नास सालची हडसन, अफनान शेखच्या दिवंगत वडिलांची लाडकी अमेरिकन मोटार. विलासने तिला नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवले होते. अफनानला धाकधूक एकच होती. आई म्हातारी, डोळ्यांनी अधू. गाडीत बसून ती म्हणाली, "ही त्यांची नव्हे," तर?

"सब नया कर दिया भाई," तो फोनवर म्हणाला. "उम्मी पहचानेगी ना?"

"इन्शाल्ला," विलास म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच पटलं नाही.

हायवेवर दाट धुकं होतं. ओल्या वाळूचा वास काचेतून आत येत होता. नवं इंजिन इतकं शांत, की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

अचानक ब्रेकचं पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली... पुन्हा. विलासचा पाय तर अॅक्सिलरेटरवर होता! गचके खात गाडी थांबली, आणि बॉनेटला जवळजवळ घासून एक उंट धुक्यात निघून गेला.

विलासने वाकून पेडलकडे पाहिलं. जुन्या ब्रेकना असे पंप मारावे लागत. ते ब्रेक तर त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे जुन्या मालकाची मेल्यावरही गेली नव्हती. भीती वाटत होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. त्याने चक्क हात जोडले. कुडाळचा माणूस, त्याला देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणंच सुचलं.

"म्हाराजा... उपकार झाले. पण ब्रेक आता नवे आसत. सारखो दाबू नको... एकदाच, हळू दाब."

अरबी भुताला मालवणी कळते का, हे विचारायला तिथे होतं कोण!

अल ऐनला अफनानने आईला मागच्या सीटवर बसवलं. एक फेरी मारून गाडी फाटकाशी आली. विलासने पाय उचलला, तोवर पेडल आपणहून खाली गेलं होतं. एकदाच... हळू. गाडी कधी थांबली ते कळलंही नाही.

म्हातारी हसली. पुढे हात करून अरबीत काही पुटपुटली. अफनानचे डोळे भरून आले.

"क्या बोली?" विलासने हलकेच विचारलं.

"बोलती है, पूरी जिंदगी बाबा को बोला, आहिस्ता रोको... आज सुना."

विलासने आरशात पाहिलं. म्हातारीचा हात त्याच्या खांद्याच्या वीतभर वर, हवेत, कुणाला तरी थोपटत होता.