खऱ्या संसाराचा पुरावा

धनराजशी हर्षालीची पहिली भेट झाली ती लग्नाला दीड वर्ष उलटल्यावर, आणि तीही फोनवर, अवचित!

लग्नाच्या रजेतले मोजके दिवस पाहुण्यांतच सरले. मग तो परत कॅनडाला, त्याच्या कारखान्यात. ती मखमलाबादच्या मळ्यात, सासूजवळ, चतुराबाईंजवळ. दर रविवारी चतुराबाईंच्या मोबाइलवर त्याचा फोन यायचा. ओट्यावर सगळं घर जमायचं. शेवटी मोबाइल तिच्या हातात. "बोल गं." सगळ्यांचे कान टवकारलेले.

"जेवलात का?"

"हो."

झालं.

तिचा नंबर त्याच्याकडे होता. पण बायकोला वेगळा फोन केला तर घरात बरं दिसणार नाही, असं त्याला वाटायचं. आणि तिला वाटायचं, त्याला बोलायचंच नसेल...

त्याला तिकडे कायम राहण्याची परवानगी मिळाली; तिला तिकडे नेण्याचा अर्ज मात्र अडला. गंगापूर रोडवरच्या व्हिसावाल्या मॅडम म्हणाल्या, "लग्न खरं आहे, असं तिकडच्या साहेबांना वाटत नाही. प्रत्येक फोटोत दोघांच्या मध्ये कुणीतरी आत्या उभी! एकमेकांना एक फोन नाही, मेसेज नाही."

"आख्खं गाव जेवलं की लग्नात!" चतुराबाई उसळल्या. "खोटं कसं व्हईल?"

"लग्नाचं नाही हो मावशी, संसाराचं विचारतायत. महिन्याभरात पुरावा द्या. नाहीतर अर्ज नाकारतील."

रिक्षात हर्षालीच्या मनात एकच विचार होता. दूरदेशीच्या साहेबाला जे दिसलं, ते घरात कुणाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई शेवंती घेऊन फुलबाजारात गेल्या, मोबाइल विसरून. तो वाजला.

"आई, हर्षालीला सांग—"

"काय सांगायचं?"

"...तू?"

"मीच. आई बाजारात गेल्यात."

"मग... नंतर करू?"

"करा की. तेवढाच एक पुरावा कमी!"

तो हसला. त्याचं हसणं तिने पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी जरासं खोकल्यासारखं. तिला काही सुचेना, म्हणून तिने सवयीचंच विचारलं, "जेवलात का?"

"नाही," तो म्हणाला. "दर रविवारी खोटंच सांगतो. एकट्यासाठी शिजवावंसं वाटत नाही गं. ब्रेड खातो, उभ्या-उभ्या."

ती उरलेल्या फुलांच्या ढिगाशेजारी खाली बसली.

"घरात काय आहे?"

"बटाटे... कांदा असेल एखादा."

"चिरा. मी आहे फोनवर."

मग मेसेज सुरू झाले, थेट तिच्या मोबाइलवर. 'फोडणी करपली.' 'मोहरी तडतडू द्यायची असते, साहेब!' 'तुला माझं काय आवडतं?' 'अजून पुरतं पाहिलंय कुठे?' पाणी भरताना, जुड्या बांधताना तिचा हात सारखा मोबाइलकडे जायचा. आणि तो वाजला नाही, की घर पूर्वीपेक्षा जास्तच रिकामं वाटायचं.

महिना संपता-संपता मॅडमच्या टेबलावर त्या मेसेजचे कागद आले. हर्षालीने त्यातला एक हळूच काढून घेतला. त्यावर त्याचं वाक्य होतं — 'तू इथे येशील, आणि मी तुला आवडणार नाही, याची भीती वाटते.'

"अहो, हाच तर सगळ्यात भक्कम आहे!" मॅडम म्हणाल्या.

"हा मला आलाय. साहेबांना कांदे-बटाटे द्या."

"आणि नाकारलं तर?"

तिने कागदाची घडी घातली. "तर... थांबू."

बाहेर येऊन तिने त्याला फोन लावला. शेजारी चतुराबाई, कान इकडेच.

"अहो, एक कागद मी दिला नाही. तुम्ही घाबरला होतात, तो."

तो म्हणाला, "त्याचं उत्तरही दिलं नाहीस."

हर्षालीने सासूकडे पाहिलं. पदर सावरला, पण आवाज खाली आणला नाही.

"आवडता. लय आवडता तुम्ही मला."

चतुराबाई एकदम केळीवाल्याशी भाव करू लागल्या. पलीकडून नुसता श्वास... इतक्या लांबून आलेला. तिने डोळे मिटून मोबाइल कानाशी घट्ट धरला.