शेवटचा आकडा

मार्टा लिंडक्विस्टला त्या बुडालेल्या जहाजातून फक्त एक आकडा हवा होता!

सुपीरियर सरोवराच्या तळाशी, चाळीस मीटर खोल, एक जुनं शिडाचं जहाज सरळ उभं असलेलं सापडलं होतं. ते 'एडा' की 'आल्मा'? एकाच गोदीत बांधलेली ही जुळी जहाजं शंभरावर वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या एकाच वादळात गडप झाली होती. मार्टाचे पणजोबा आल्माचे सुकाणूवाले. तिला बोटीतून इथवर आणणाऱ्या म्हाताऱ्या रोल्फचे आजोबा एडावरचे स्वयंपाकी. नोंदणी क्रमांक मालाच्या कोठाराच्या तुळईवर कोरलेला असे. दोन्ही क्रमांकांत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. एडाचा तीन, आल्माचा सात.

"सातच निघणार बघा, रोल्फकाका!" हवेची टाकी पाठीवर चढवत मार्टा म्हणाली.

"आधी धड वर ये, मग तोंड चालव," रोल्फ गुरगुरला. "एमेट, हिच्यावर लक्ष ठेव रे."

"माझ्यावर कोण ठेवणार?" तिचा डुबकीतला जोडीदार एमेट हसला आणि दोघांनी उडी घेतली.

पाणी बर्फासारखं! दोरीच्या आधाराने ते हिरव्या अंधारात उतरत गेले आणि अचानक खाली डेक दिसू लागला. गोड्या, थंड पाण्याने सगळं जसंच्या तसं राखलं होतं. दोरखंडाची वेटोळीसुद्धा खुंटीवर होती. उघड्या झडपेतून ते कोठारात शिरले. डोक्यावर तुळई! मार्टाने बॅटरी रोखली. एक... शून्य... सहा... चार... पुढे गाळाचा थर. तिने हात उचलला.

तेवढ्यात बुडबुड्यांचा लोंढा उसळला!

टाकीतली हवा तोंडात देणारा एमेटचा रेग्युलेटर थंडीने गोठला होता. हवा भसाभसा सुटत होती. तो गळ्यावरून आडवा हात फिरवत होता: हवा संपतेय! आकडा वीतभर दूर होता. मार्टाने तुळईकडे पाठ फिरवली. आपला जादा रेग्युलेटर एमेटच्या तोंडात कोंबला, त्याच्या टाकीचा नळ बंद केला, त्याचा पट्टा घट्ट पकडला. झडपेतून बाहेर! दोरी! हळू, हळू... घाई केली तर संपलंच. एकाच टाकीवर आता दोघं होते आणि हवेच्या मापकाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता.

पृष्ठभागाखाली पाच मीटरवर, वर येण्याआधीच्या सक्तीच्या थांब्यावर, ते थांबले. आकडा हुकला म्हणून मार्टाला रडू येत होतं. एमेटने तिचा खांदा हलवला. त्याच्याच बुडबुड्यांनी तुळईवरचा गाळ उडवला होता, आणि त्याने पाहिलं होतं!

त्याने तीन बोटं वर केली.

बोटीवर येताच रोल्फ ओरडला, "एवढा वेळ? काय झालं तरी काय?"

मार्टाने डोळ्यांवरचा मास्क काढला. डोळे पुसून ती हसली.

"काका, तुमचे आजोबा सापडले."

रोल्फ बोटीच्या कठड्याशी आला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तो पाण्याकडे बघत राहिला.