गुणाची पोर

गांजा ही आता चिलमीतून ओढायची चीज राहिली नव्हती. गडहिंग्लजच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीशेजारी गांजाचं मलम मिळे, आणि देवळातून परतताना म्हाताऱ्या ते पिशवीत टाकून नेत. इसब, म्हणजे हाताला भेगा पडून खाज सुटणारा तो जुनाट रोग, ज्यांना असे त्यांना त्याचा मोठा आधार. खोट एकच होती. हात धुतले की मलम गेलं, आणि खाज पुन्हा दत्त म्हणून उभी.

केतकी इंगवले लग्नाआधीपासून इसबानं बेजार होती. तळहाताची सालं निघत, भेगांतून रक्त येई. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, पण सासरी तिच्या हातची भाकरी कुणी खाल्ली नाही. लेक झाली तेव्हा तिला न्हाऊ घालायला शेजारची बाई यायची, आणि केतकी न्हाणीच्या दारात उभी राहून पाणी जास्त कढत नाही ना, एवढंच विचारायची. पुढं ओवी कळती झाली आणि आईचा हात केसांवर आला की मान काढून घेऊ लागली. "आई, टोचतं गं." इसबाची सवय झाली होती, त्या शब्दाची कधीच झाली नाही.

आणि मग डॉ. शहनाज मुजावर यांनी जिवंत मलम काढलं.

"हे धुतल्यानं जात नाही, काकू," केतकीचे हात उलटसुलट बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जंतू राहतात, निरुपद्रवी. त्यातल्या एका जातीला मी गांजाच्या झाडाची विद्या दिलीय. तो तुमच्या कातडीवरचं तेल खाईल आणि खाज शमवणारा रस तिथंच करत राहील. आम्ही त्याला शांतजंतू म्हणतो."

"म्हणजे दिवसभर मी नशेत?"

"छे हो! नशेचा भाग काढून टाकलाय. कातडी मेंदूकडं सारखी तक्रार करत असते ना, ती तेवढी थांबते."

"आणि दुसऱ्या कुणाला लागला तर?"

"मोठ्या माणसाच्या कातडीवर आधीचे जंतू जागा धरून बसलेले असतात. एस.टी.त रुमाल टाकून बसावं तसे. नव्याला कोण जागा देतंय? तुमचे जुने तेवढे आम्ही औषधानं उठवू."

महिन्याभरात केतकीचे हात मऊ झाले. कुणी बघत नसताना ती स्वतःचाच हात गालाला लावून बसे. वय पन्नाशीचं, आणि खुशी नव्या नवरीची!

त्याच हिवाळ्यात ओवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. "बाळाला मीच न्हाऊ घालणार," केतकीनं सगळ्यांना बजावलं, आणि ओवीनंही नाही म्हटलं नाही. रोज सकाळी पाय पसरून केतकी नातीला पायांवर घ्यायची, वाटीभर कोमट खोबरेल तळहातांवर घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत जिरवायची. लेकीच्या वेळचं राहून गेलेलं सगळं ती नातीच्या अंगात मुरवत होती.

बाळ रडायचं म्हणून नाही. न्हाताना नाही, पाळण्यात नाही. शेजारणी बघायला येत आणि कौतुकानं कानशिलांवर बोटं मोडत. "गुणाची पोर गं बाई! मुलीच्या जातीनं असंच शांत असावं." केतकीला वाटे, आपल्या हाताला यश आलं. ओवी तर खूश होती. दूध पाजायला मात्र घड्याळ बघून उठावं लागे, कारण बाळ मागत नसे. वजनही धड वाढेना. "आजीच्या वळणावर गेलीय, काटक," असं म्हणून तेही कौतुकात जमा झालं.

बारशाच्या आदल्या दुपारी केतकीनं पाळण्यातलं दुपटं उचललं. दुधाच्या वासानं लाल मुंग्यांची रांग चढली होती. बाळाचा डावा पाय सुजून टच्च झाला होता, बोटांच्या बेचक्यांत मुंग्या अजून चिकटलेल्या होत्या. आणि पोर टक्क जागी होती, छताकडं बघत होती. केतकीच्या तोंडून किंकाळी निघाली. बाळाच्या तोंडून काही नाही.

डॉक्टरबाईंनी बाळाच्या कातडीचा नमुना तपासला.

"नवजात बाळाची कातडी रिकामी असते, काकू. रिकामी एस.टी. पहिल्यांदा जो चढेल, तो जन्मभराची जागा धरतो. तुमचे शांतजंतू चढले. वर रोज खोबरेल, म्हणजे त्यांना पंगतच."

"पण खाज थांबवणारा जंतू तो. त्यानं रडणं कसं थांबेल?"

"तुमच्या जाड तळहातातून रस आत जात नाही. बाळाच्या कोवळ्या अंगातून जातो. खाज काय, भूक काय, दुखणं काय, सगळ्या तक्रारीच. त्याला एकीतून दुसरी निवडता येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मोठ्या माणसांवर सगळं तपासलं होतं. पोराला आजी तेलानं माखते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मलाही माझ्या आजीनंच माखलं होतं."

उपाय होता. बाळाचे जंतू औषधानं धुवायचे. मग कित्येक आठवडे ती जिवाच्या आकांतानं रडणार, कारण दडपलेलं सगळं तिला एकदम जाणवणार. आणि केतकीनं तिला शिवायचं नाही. "धुतलेल्या अंगावर हे पुन्हा रुजले, तर मग जन्माचे. दुसऱ्यांदा काढायला माझ्याकडं काही नाही. नाहीतर तुमचेही हात धुऊ. इसब परत येईल, पण नात मांडीवर घेता येईल."

केतकी आपल्या मऊ हातांकडं बघत राहिली. "मी लांब राहीन," ती शेवटी म्हणाली. ओवीनं आईकडं एकदाच पाहिलं आणि बाळाला उचलून घेतलं.

बाळाला धुतलं. त्या दिवसापासून घर रडण्यानं भरून गेलं. अंगाला वारा लागला तरी पोर किंचाळे, पाजताना किंचाळे, घसा बसला तरी आवाजाशिवाय तोंड उघडून रडत राही. कौतुक करणाऱ्या शेजारणी आता आपापल्या खिडक्या लावून घेत. मागच्या खोलीत केतकी कानांवर हात घेऊन बसे. एवढं होऊनही हात तेवढे मऊच होते.

एका दुपारी दार लोटून ओवी आत आली. केस पिंजारलेले, डोळे खोल गेलेले. तिनं बाळ केतकीच्या मांडीवर ठेवलं.

"ओवी, अगं! डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"ऐकलंय सगळं."

"मग ने हिला. जन्माचं होईल, पोरी."

"होऊ दे. वजन मी घड्याळ लावून वाढवीन. मुंग्यांना खडूची रेघ ओढीन." ओवी चटईवर टेकली. "मला झोपायचंय, आई. तू फक्त हात फिरव."

मग तिनं एक केलं. आईचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि म्हणाली, "आता टोचत नाही गं."

एवढं एक वाक्य ऐकायला केतकीचा जन्म गेला होता. मांडीवर पोर निळी पडेपर्यंत रडत होती, मुठी आवळून, जमेल तेवढी सगळी तक्रार करत.

केतकीनं कोनाड्यातली खोबरेलाची वाटी पुढं ओढली.

थोड्या वेळानं घर शांत झालं. ओवी तिथंच चटईवर गाढ झोपली. शेजारच्या खिडक्या एकेक करून उघडल्या, आणि कुणीतरी पलीकडून म्हणालं, "झाली बाई एकदाची गुणाची."