बियाण्याचा दोडका

सुखठाण टेकडीवर कार्तिक निम्मा सरला, थंडी पडू लागली, तरी दोडक्याचे मांडव हिरवेगार असत. खाली गावात वेली केव्हाच उपटून झालेल्या. इथे मात्र कडक नियम होता, फळ कोवळं असतानाच तोडायचं. वेलीवर एका जरी फळानं जून होऊन बी धरलं, की आपलं काम संपलं असं समजून वेल वाळू लागते. बी धरूच दिलं नाही, तर या सुधारित वेली 'थांबरस' तयार करत राहतात. तो भाजीतून पोटात गेला, की माणसाचं शरीरही जिथल्या तिथे थांबतं. कुमुदचे यजमान दिनकरराव यांच्या पोटातली गाठ त्यामुळेच वर्षानुवर्षं लिंबाएवढी राहिली होती.

आज कुमुदच्या मांडवाची पानं पिवळी पडत होती. तपासायला आलेल्या डॉ. मृण्मयी दाभाडे यांना पानांआड चिंधी बांधलेला दोडका सापडला. बियाण्यासाठी राखलेला, चिंधी दिसली की कुणी तोडत नाही.

"काकू, हे तुम्ही केलंत?"

"केलं. केतकी चैत्रात बाळंतपणाला माहेरी आली, सातव्या महिन्याची. मीच रोज ताटात भाजी वाढली. अजून सातवाच चालू आहे तिला."

थांबरस आपोआप उतरत नाही, याच वेलींच्या जून बियांच्या पिठीनंच उतरतो, हे डॉक्टरांनीच तिला मागे दबक्या आवाजात सांगितलं होतं. एका फळानं फार तर एक वेल वाळेल, असं कुमुदला वाटलं होतं. टेकडीवरच्या सगळ्या वेलींची मुळं एकमेकींत गुंतलेली आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.

"चार दिवसांत बी काळं होईल," डॉक्टर म्हणाल्या. "मग सगळे मांडव वाळतील. नव्या वेलींत रस धरायला काही वर्षं जातात. तोवर काकांची गाठ..." त्यांनी कात्री पुढे केली. "मी कापणार नाही. तुम्हीच ठरवा."

दिनकरराव पायरीवर येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुमुद, पुढच्या वर्षी बघू," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाळ कुठं पळून चाललंय?"

खिडकीत केतकी पोटावर हात ठेवून उभी होती.

कुमुदनं कात्री घेतली, कमरेला खोचली आणि दोडक्याखाली पाट टाकून बसली. दिनकररावांनी आतून खुर्ची आणली, तिच्यासमोर मांडली, अंगावरची शाल सारखी केली आणि बायकोचा डोळा केव्हा लागतो, याची वाट पाहत बसले.