कप्तान कोल्हिणीचा शेवट

ग्रंथपालबाई भांडारखोलीची कडी काढून आत गेल्या त्या नवं पुस्तक आणायला, आणि बाहेर आल्या किंचाळत. आत वाचनालयात येणाऱ्या दोघी बहिणींतली धाकटी पडली होती. जेमतेम नऊ वर्षांची पोर. ओठ निळे पडलेले. वाळवीच्या औषधाचा असा भपकारा की डोळे चुरचुरावेत.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा तिला दवाखान्यात हलवलं होतं आणि वाचनालयाचा शिपाई भिंतीला टेकून उभा होता. औषध त्यानेच मारलं होतं. कडी बाहेरून लागलेली. जमलेल्या पालकांनी निकाल देऊनही टाकला होता. लोकांना त्याला कितीसा वेळ लागतो!

"दार तू लावलंस?"

"नाही हो बाई! वारा खेळावा म्हणून सताड उघडं ठेवून खाली गेलो. औषध मारलेली खोली बंद करायला मी काय खुळा आहे?"

"कुणी पाहिलं?"

"तेव्हा इथे कुणी नव्हतं, बाई." पोरीचं काही बरंवाईट झालं तर हा तुरुंगात जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि फौजदारबाईंनाही.

भांडारखोलीत फाडलेलं पार्सल पडलं होतं. शेजारी 'कप्तान कोल्हीण' या पुस्तकमालेचा शेवटचा भाग, उघडा आणि उपडा.

"हे कुणी वाचलंय?"

"कुणीच नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बाजारात उद्या येणार. ओळखीने आम्हाला आज मिळालं. पार्सल मीसुद्धा फोडलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्या खलाशांसमोर फोडायचं ठरलं होतं."

"खलाशी?"

"कोल्हिणीची वेडी पोरं. स्वतःला खलाशी म्हणवतात. गेल्या वर्षी जहाजावरचा म्हातारा आचारी पुस्तकात मेला, तर आठवडाभर मनगटाला काळी फीत बांधून हिंडत होती. थोरली त्यांची म्होरकी. आज खुर्च्या मांडतानासुद्धा फीत होतीच. मी म्हटलं, बाई गं, संपलं नाही का अजून त्या आचाऱ्याचं रडणं? धाकटीला मात्र किडे, ग्रह, ज्वालामुखी. दोघी एका घरातल्या वाटायच्या नाहीत."

थोरली वाचनालयात आत्याला बिलगून बसली होती. तेरा वर्षांची. एका वेणीला काळी रिबीन, दुसरी वेणी सुटलेली. तिची रिबीन मनगटावर होती.

"बहिणीसाठी बांधलीय हो पोरीने," आत्या डोळे पुसत म्हणाली. "काळीज तुटतं बघून."

फौजदारबाई समोर बसल्या. "धाकटीला शेवटचं कधी पाहिलंस?"

"सकाळी. घरी."

"इथे नाही?"

"नाही."

"ती कोल्हिणीच्या गोष्टी वाचायची?"

"छे! मी किती मागे लागले. म्हणते, गोष्टीत प्राणी मरणार असेल तर नकोच. कुठलंही पुस्तक आधी शेवटून उघडते. सगळी मजा घालवते." तिचा आवाज चिरका झाला.

फौजदारबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांना हे बोलायचं नव्हतं. दारात शिपाई उभा होता, म्हणून बोलल्या.

"बाळ, मी आत शेवटचं पान वाचलं. कप्तान कोल्हीण मरते."

थोरली जराही दचकली नाही.

"खलाशी फीत बांधतात ती कुणी मेल्यावर. आचारी गेल्या वर्षीचा. आज तू वेणीची रिबीन सोडून बांधलीस, घाईने. आणि खुर्च्या मांडताना ती हातावर होती, म्हणजे धाकटी सापडायच्या आधी. तेव्हा कोल्हीण मेल्याचं या इमारतीत एकीलाच माहीत होतं. पार्सल फोडणारीला. ती तुला भेटली, तिने तुला सांगितलं, आणि तरी तू म्हणतेस भेटलीच नाही."

"अहो काय बोलताय!" आत्या उसळली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दवाखान्यातून वहिनी, पोरींची आई, बोलत होती. आत्या ऐकत गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"शुद्धीवर आली! छातीचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत, पण बोलली. म्हणतेय, दार शिपाईकाकांनीच लावलं. ताई तिथे नव्हतीच. ऐकलंत ना बाई? संपलं!"

शिपायाने फौजदारबाईंपुढे हात जोडले.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. आता नुसतं गप्प राहिलं की झालं, हे तिला पुरतं समजलं होतं.

"खोटं बोलतेय ती," ती म्हणाली. "मला वाचवायला."

"अगं गप!" आत्याने तिचा दंड धरला.

"मीच कडी लावली. ती हसत बाहेर डोकावली आणि म्हणाली, तुझी कोल्हीण मरते, मी नाही हे पुस्तक वाचणार. मी तिला आत ढकललं. वास येत होता मला. वाटलं, होऊ दे थोडा त्रास. बाई पुस्तक घ्यायला येतील तेव्हा सुटेल." तिला हुंदका आवरेना. "ती दार वाजवत होती, आत्या. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी खुर्च्या जोरजोरात ओढत होते."

आत्याचा हात तिच्या दंडावरून गळून पडला.