एंजलनं कुरतडलेलं प्रवाळ

निरीक्षक राजेश्वरी होटगी रोडवरच्या बंगल्यात पोचल्या तेव्हा एक खून झालेला होता आणि दुसरा अंगणात चालू होता.

घरातल्या माशांची निगा राखणाऱ्या मल्लेशला नातेवाइकांनी खांबाला बांधून पाइपनं फोडला होता. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. बाईंनी पाइप हिसकावला आणि मारणाऱ्याच्याच एक कानाखाली दिली. असल्या शूरांना पाहिलं की त्यांचं डोकं फिरायचं.

आत डाळीचे व्यापारी सिद्धलिंगप्पा समुद्री माशांच्या मोठ्या टाकीपुढे पालथे पडले होते. कवटी मागून फुटलेली. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, शेजारी घासायचा ब्रश. काचेवर रक्त उडालं होतं आणि पलीकडे निळापिवळा एंजल मासा निवांत चरत होता. कोपऱ्यात एक छोटी टाकी चादरीनं झाकलेली. हत्यार कुठंच नव्हतं.

"पूजा आटपून चहा घेऊन आले," त्यांची बायको काशम्मा म्हणाली. "अंग अजून गरम होतं."

"मल्लेशनंच केलं," पुतण्या नंदीश मध्येच बोलला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पंचा गुंडाळलेला. "काल काकांशी कडाक्याचं भांडला."

"हाताला काय झालं?"

"उकळतं पाणी सांडलं."

"टाकीत कधी हात घालता?"

"मी? छे. मला तो वासच सहन होत नाही."

बाईंनी मल्लेशला सोडवून आत आणलं.

"भांडण कशाचं?"

"अण्णा पेढीवर बस म्हनत व्हते. मी म्हनलो, घरचे वारस हायत की."

"टाकीतलं काम कसं चालतं?"

"अण्णांचा नेम व्हता. रोज सकाळी एक दगूड भायेर काढून घासायचा. मोज्याचा जोड एकच. आनि हितं फकस्त चामडी कोरल, कातड्यावानी जाड प्रवाळ. कडू लागतं, मासा तोंड लावत न्हाय. मऊ दिसलं की एंजल लई कुरतडतो. अण्णा म्हनायचे, सोयरीक बगून करावी. काल एक मऊ, डसनारं कोरल आलं, त्ये छोट्या टाकीत येगळं..."

तो थांबला. मोठ्या टाकीच्या मधोमध हिरव्या मऊ बोटांचं गुबगुबीत प्रवाळ होतं. एंजल त्याचेच लचके तोडत होता. एका कडेचं पांढरं हाड उघडं पडलेलं, बाकी शाबूत.

"ह्ये हितं कुनी ठिवलं?"

"एंजल ते किती वेळात संपवेल?"

"दुपार बी न्हाय काढत."

"म्हणजे आज सकाळीच आत गेलं." बाई नंदीशकडे वळल्या. "इथं ब्रश आहे, पण घासलेला दगड नाही. काका तो घासत बसले होते, तोच तुम्ही त्यांच्या डोक्यात घातला. रक्ताळलेला दगड मोठ्या टाकीत परत टाकला असता तर पाणी लाल झालं असतं. जागा रिकामी दिसली तर मल्लेशनं विचारलं असतं. म्हणून दगड चादरीखाली गेला आणि तिथलं कोरल इथं आलं. मल्लेश असता तर त्यानं रिकाम्या जागी चामडी कोरल सरकवलं असतं. हे कोरल डसतं, आणि मोजे काकांच्या हातात. मल्लेशच्या हातावर ओरखडा नाही. तुमचा पंचा सोडा."

त्यांनी चादर ओढली. पाणी गुलाबी होतं आणि दगडाला केस चिकटलेले होते.

काशम्मानं स्वतः पंचा ओढून काढला. हातावर लाल गांधी उठल्या होत्या.

"रक्ताचा मी, अन् गादीवर हा बसणार?" नंदीशनं पितळी समई उचलली आणि मल्लेशवर घातली. मल्लेश खाली वाकला. समई काचेत शिरली, टाकी फुटली, रक्त आणि खारं पाणी फरशीवर एक झालं. दोन हवालदारांनी नंदीशला त्याच चिखलात तोंडावर पाडला. त्याचे दोन दात तिथंच राहिले.

मल्लेश तडफडणारा एंजल बादलीत घालत होता. काशम्मा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुला बांधायला मीच सांगितलं, मल्लेश."

"ठावं हाय, अक्का." फाटक्या ओठानं त्याला नीट बोलता येत नव्हतं. "आदी कोरल उचला, मरत्याल."

तिनं नवऱ्याच्या हातातल्या मोज्यांकडे पाहिलं आणि ती अडखळली.

"ही चामडी हायत. डसत न्हायत."

काशम्मानं पदर खोचला आणि उघड्या हातानं पहिलं कोरल उचललं.